धुक्यात ४०० फुटांवरून आलेला बाण: लांब पल्ल्याचा नियम नक्की लावायचा कसा?

तटावरचा_डीएम:

मंडळी, गेल्या रविवारपासून एक गोष्ट डोक्यातून जाईना झालीय. नियम नीट माहीत असलेल्या कुणीतरी सांगा, माझं कुठं चुकलं.

मंगळवार पेठेत आमच्या घराच्या गच्चीवर पत्र्याची खोली आहे. तिथं दर रविवारी दुपारी आम्ही सहा जण बसतो. डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे प्रत्येकानं एक पात्र घेऊन फाशांवर गोष्ट खेळायचा खेळ, पाचवी आवृत्ती, २०१४ चं पुस्तक. डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा आणि शत्रू खेळवणारा, मी. फासे कॅरमच्या पावडरच्या जुन्या डब्याच्या झाकणात टाकतो, म्हणजे पत्र्यावरच्या पावसात पण ते पडल्याचं सगळ्यांना ऐकू येतं. मोहीम माझी स्वतःची. गड काल्पनिक आहे, पण कोल्हापूरच्या माणसानं गड रचला की त्यात पन्हाळा येणारच. वेढा पडलाय, पावसाळा आहे, आणि पाच जणांनी रात्री एका दिंडीतून उतरून निसटायचंय. १२ जुलै १६६० ची रात्र आमच्यात लहान पोराला पण पाठ असते, त्यामुळं प्रसंग काय आहे ते कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

सगळ्यात पुढं रायबा नावाचा हेर. तो माझा मामेभाऊ खेळतो, यंदा बारावीला आहे. हे कॅरेक्टर त्यानं चौदा महिने सांभाळलंय. वहीत रायबाच्या आईचं नाव, गाव, कुठल्या हाताला जखम आहे, सगळं लिहिलेलं आहे. रायबा बाकीच्यांच्या ८० फूट पुढं, दाट धुक्यात, आवाज न करता वाटेनं चाललेला. वाटेपासून ४०० फुटांवर शत्रूची चौकी. तिथं तीन स्काउट (टेहळणीचे शिपाई), प्रत्येकाकडं लाँगबो (लांब धनुष्य), म्हणजे नेहमीचा पल्ला १५० फूट आणि लांब पल्ला ६०० फूट. वाटेवरून कुणीतरी जाणार अशी त्यांना फितुरीनं खबर होती, म्हणून मी त्यांना बाण सोडायला लावले.

मी हिशोब असा केला. (डिसअ‍ॅडव्हान्टेज म्हणजे वीस बाजूंचा फासा दोनदा टाकून कमी आकडा घ्यायचा, अ‍ॅडव्हान्टेज म्हणजे जास्त घ्यायचा.) ४०० फूट म्हणजे १५० च्या पलीकडं, म्हणून डिसअ‍ॅडव्हान्टेज. रायबा त्यांना दिसत नाही, म्हणून आणखी एक डिसअ‍ॅडव्हान्टेज. पण ते पण रायबाला दिसत नाहीत, म्हणून त्यांना अ‍ॅडव्हान्टेज. आणि पुस्तक सांगतं की दोन्ही आले की एकमेकांना खातात, मग एका बाजूला कितीही असले तरी. म्हणजे साधा एकच फासा.

तिसऱ्या बाणाला २० पडला, म्हणजे क्रिटिकल, नुकसानीचे फासे दुप्पट. रायबाचे ११ हिट पॉइंट (अंगातला जीव) उरले होते, नुकसान १३ झालं. बाकीचे चौघे धुक्यात मागं, त्यांना काही कळायलाच मार्ग नाही. डेथ सेव्ह (जगण्यासाठीचा फासा, १० च्या खाली अपयश, तीन अपयशं म्हणजे मेला) पहिला ७, दुसरा १. एक पडला की दोन अपयशं. तिथंच संपला.

पोरगं रडलं नाही, भांडलं नाही. फासे पिशवीत भरता भरता एवढंच म्हणालं, "दादा, मला तो दिसत नव्हता, त्याला मी दिसत नव्हतो, मग बाणाला मी कसा दिसलो?"

मला उत्तर देता आलं नाही. रात्री वहीत आकडेमोड केली. रायबाचा एसी (बाण लागायला गाठायचा आकडा) १५, स्काउटचे फाशात मिळवायचे +४, म्हणजे ११ किंवा वर हवेत. साध्या फाशाला ५० टक्के. तोच बाण भर दुपारी, लख्ख उन्हात सोडला असता, तर लांब पल्ल्याच्या डिसअ‍ॅडव्हान्टेजमुळं २५ टक्के. क्रिटिकल धुक्यात ५ टक्के, उन्हात पाव टक्का. म्हणजे धुक्यानं रायबाला लपवलं तर नाहीच, उलट दुप्पट उघडा पाडला. ज्या रात्री पावसाच्या आणि अंधाराच्या आडोशानं माणसं वाचली, तशी रात्र मी मांडली आणि माझ्या टेबलावर त्याच आडोशानं माणूस मारला. मला हे पटत नाही.

नियम खरंच असा आहे का? असला तर तुम्ही तुमच्या टेबलावर काय करता?

पोथीनिष्ठ:

भावा, आधी एक सांगतो. अ‍ॅडव्हान्टेज-डिसअ‍ॅडव्हान्टेजची वजाबाकी तू बरोबर केलीस. २०१४ च्या पुस्तकात तसंच आहे आणि २०२४ च्या सुधारित पुस्तकातही ते बदललेलं नाही. धुक्यात दोघं आंधळे झाले की लांब पल्ल्याचा तोटा गिळला जातो, हे या आवृत्तीचं जुनं दुखणं आहे. तरी तेवढ्यासाठी तो नियम मोडू नकोस. कारणं मोजत बसायचं नाही, दोन्ही बाजूला काही असलं की साधा फासा, यानंच लढाई झपझप चालते. ते मोजणं परत आणलंस तर दर बाणाला पाच मिनिटं वाद होईल.

तुझं चुकलं ते त्याच्या एक पायरी आधी. फासा टाकायच्या आधी विचारायचं होतं की स्काउटांनी बाण सोडला तो नकाशावरच्या कुठल्या चौकोनावर?

न दिसणाऱ्यावर हल्ला करता येतो, पण तो कुठं आहे हे तरी माहीत पाहिजे, नाहीतर जागेचा अंदाज बांधून त्या जागेवर मारायचं. अंदाज चुकला की बाण चुकला, मग फासा २० पडो नाहीतर काही. बहुतेक टेबलांवर असं धरतात की समोरच्यानं लपायची चाल, म्हणजे हाइड अ‍ॅक्शन घेतली नसेल तर तो कुठं आहे हे सगळ्यांना कळतंच. तीस-चाळीस फुटांवर ते ठीक आहे. चिलखत वाजतं, धाप ऐकू येते, चिखलात पाय पचपचतो. ४०० फुटांवर काय ऐकू येणार?

याचे आकडे पण आहेत. डीएम पुढ्यात जो पडदा लावतो, त्याच्या आतल्या बाजूला आवाज किती लांब जातो याचं कोष्टक छापलेलं असतं. दबकून चालणाऱ्याचा आवाज दोन सहा बाजूंच्या फाशांची बेरीज गुणिले ५ फूट. नेहमीच्या आवाजाला तीच बेरीज गुणिले १०. फार मोठ्या आवाजाला गुणिले ५०. आता तुझ्या रायबाचं बघ. तो दबकून चाललेला. दोन्ही फाशांवर सहा-सहा पडले तरी ६० फूट. अगदी गप्पा मारत चालला असता तरी १२०. ४०० फुटांवरच्या चौकीला तो ऐकू येणं शक्यच नव्हतं.

म्हणजे त्यांच्या हातात फक्त फितुराची खबर, की या वाटेवरून कुणीतरी जाणार. वाटेचा समोर येणारा तुकडा २०० फूट लांब आणि १० फूट रुंद धरला तर पाच फुटांचे ८० चौकोन झाले. त्यातला एक निवडायचा, आणि तो बरोबर निघाला तरच ५० टक्क्यांचा फासा. १६० बाणांत एक. तुझं धुकं नियमात आहे रे, फक्त ते हल्ल्याच्या फाशात नाही, जागेच्या अंदाजात आहे.

त्या पोराला माझ्याकडून सांग, त्यानं प्रश्न एकदम बरोबर विचारला.

शाळूची_राखण:

मी कागल तालुक्यातला. डीअँडडी खेळायला लागून दीडच वर्ष झालं, पण गोफण लहानपणापासून फिरवलीय म्हणून लिहितोय.

आमच्या रानात शाळू निसवला की पाखरं राखायला आज्जी मला माळ्यावर बसवायची. गोफणीच्या एका दोरीच्या टोकाला फास असतो, तो बोटात अडकवायचा. दुसऱ्या दोरीचं टोक चिमटीत धरायचं. मधल्या झोळीत लिंबाएवढा खडा, जरा गोल बघून घेतलेला. डोक्यावरून दोन गरके, तिसऱ्याला चिमूट सोडायची. मोकळी दोरी आसूडासारखी वाजते आणि निम्मी पाखरं त्या आवाजानंच उठतात. चिमूट पापणी लवायच्या आत सुटली पाहिजे. जरा उशीर झाला की खडा डाव्या अंगाला शेजाऱ्याच्या उसात.

पुस्तकात गोफणीला ३० आणि १२० फूट दिलेत. १२० फूट म्हणजे पन्नास पावलं पण नाहीत. आमचं रान त्याच्यापेक्षा लांब होतं आणि मी दहा वर्षांचा असताना माझा खडा बांधापलीकडं जात होता. पण खडा जातो कुठवर आणि लागतो कुठवर, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जवळच्या बुजगावण्यावर बसलेल्या एका कावळ्यावर मी नेम धरायचो. लांबच्या कोपऱ्यात थवा उतरला तर एका पाखरावर नेम कुणी धरत नाही. थव्यावर टाकायचा, कुठल्या पाखराला लागेल ते आपल्या हातात नसतं.

मला वाटतं त्या तीन स्काउटांनी पण रायबावर बाण सोडलेच नव्हते, वाटेवर सोडले होते. मग हल्ल्याचा फासा कशाला? आमच्या टेबलावर असं काही झालं की मी डीएमला सांगतो, वीस फुटांचा एक पट्टा धर, त्यात जो असेल त्यानं डेक्स्टेरिटी सेव्ह (चपळाईनं चुकवायचा फासा) टाकायचा. चुकला तर एका बाणाचं नुकसान. क्रिटिकल नाही. नेम धरलेलाच नसेल तर काळजात घुसेल असा बाण येणार कुठून?

रांगण्याची_वाट:

उंचीचं कुणीच बोलला नाहीत. चौकी खाली असली आणि वाट कड्यावर, तर अंतर ४०० राहत नाही. आडवं ४०० आणि उभं ३०० असेल तर तिरकं ५०० होतं, शाळेतलं पायथागोरस. ६०० च्या आतच आहे म्हणा. पण आडवं ५५० असतं तर तिरकं ६२६ झालं असतं आणि बाण पोचलाच नसता. डीएमसाहेब, तुमचा कडा किती उंच आहे?

तटावरचा_डीएम:

चौकी आणि वाट जवळजवळ एकाच उंचीवर धरली होती, मधे घळ आहे. त्यामुळं इथं फरक नाही. ग्रिडवर तिरका चौकोन पण पाचच फूट धरतात, त्या नियमानं तर तुमचं ५५० आणि ३०० हे ५५०च राहतं आणि बाण पोचतो. मी उंचीला पायथागोरसच लावतो. मोबाइलमध्ये कॅल्क्युलेटर आहे, दहा सेकंद लागतात.

पोथीनिष्ठ, ते कोष्टक माझ्या पडद्यावर खरंच आहे. तीन वर्षं माझ्या डोळ्यांसमोर आहे. आज पहिल्यांदा वाचलं.

सत्तर_मीटर:

मी धनुर्विद्या शिकते, रिकर्व्ह (टोकं पुढं वळलेलं धनुष्य). सहा वर्षं झाली. कोल्हापुरात नेमबाजीचं नाव निघालं की तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, आणि आता पॅरिसच्या २०२४ च्या ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफलला कांस्य घेतलेला कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे, ही नावं येतात. धनुष्यवाले त्यांच्या मागं कोपऱ्यात असतो, म्हणून इथं लाँगबोवर एवढं लिहिलेलं बघून बरं वाटलं.

ऑलिम्पिकमध्ये रिकर्व्हचं अंतर ७० मीटर असतं, म्हणजे सुमारे २३० फूट. तुमच्या पुस्तकाप्रमाणं तो लांब पल्लाच झाला, कारण १५० फूट म्हणजे जेमतेम ४६ मीटर. लक्ष्य १२२ सेंटीमीटरचं, त्यातला दहाचा गोल १२.२ सेंटीमीटरचा. ७० मीटरवरून तो आकाशातल्या चंद्राएवढा पण वाटत नाही, टिकलीएवढा वाटतो. तरी रोजच्या सरावानं लागतो, कारण अंतर ठरलेलं असतं आणि धनुष्याच्या साइटवर (नेम धरायच्या काट्यावर) त्या अंतराची खूण केलेली असते.

मला सांगायचं आहे ते त्या खुणेबद्दल. एकदा सरावाला कुणीतरी लक्ष्याची घोडी चुकून पाचेक मीटर मागं लावली होती. मला माहीत नव्हतं. ७० च्या खुणेवर सहा बाण सोडले, एकही मधल्या पिवळ्यात नाही. चार खालच्या पांढऱ्या कडेला, दोन थेट गवतात. हात तोच, धनुष्य तेच, वारा नाही. फक्त अंतर पाच मीटरनं चुकलं. बाण सरळ जात नाही, कमान करून जातो, त्यामुळं लांबवर अंतराचा अंदाज हाच अर्धा नेम असतो. ४०० फूट म्हणजे १२२ मीटर. त्या अंतरावर समोर धुक्याची भिंत असेल तर धनुष्य किती वर उचलायचं हेच कळणार नाही. माझ्या दृष्टीनं "दिसत नाही" आणि "लांब आहे" हे एकाच्या जागी दुसरं उडून जावं असे दोष नाहीत. एक दुसऱ्याला वाढवतो.

ज्यांना हे टेबलावर हवंय त्यांनी पाथफाइंडर या अशाच दुसऱ्या खेळाची दुसरी आवृत्ती बघा, मी तीच खेळते. तिथं लाँगबोचा टप्पा १०० फुटांचा, आणि पहिल्या टप्प्यानंतर दर टप्प्याला उणे २. ४०० फूट म्हणजे चौथा टप्पा, उणे ६. शिवाय समोरचा दिसत नसेल तर वेगळा फासा टाकायचा, ११ च्या खाली पडला की बाण वाया, मग नेम कितीही चांगला असो. तो कुठं आहे हेच माहीत नसेल तर आधी चौकोनाचा अंदाज, आणि तो फासा जीएम (तिथला डीएम) झाकून टाकतो. कशानं काही खोडलं जात नाही. उलट बाजू पण आहे. तीस फुटांच्या आत लाँगबोला उणे २, कारण ते धनुष्य लांबच्या माऱ्यासाठी आहे. माझ्यासारखीला हे मनापासून पटतं. हिशोब जास्त आहे, पण बाणाला वजन येतं.

तटावरचा_डीएम:

सगळ्यांचं वाचलं, दोनदा वाचलं. काल काय झालं ते लिहितो.

शनिवारी सकाळी मामाच्या घरी गेलो आणि पोराला म्हटलं, चल पन्हाळ्याला. वाघबिळाच्या पुढं वर चढायला लागलो तसं धुकं गाडीच्या काचेला चिकटायला लागलं. सज्जाकोठीजवळ गाडी लावली. त्याच्या अंगावर लाल रेनकोट. मी तटाला पाठ लावून उभा राहिलो आणि त्याला म्हटलं, चालत जा, बोलत बोलत जा, आणि पावलं मोज.

तो रसायनशास्त्राचा धडा म्हणत निघाला. तीस पावलांवर शब्द कळेनासे झाले, नुसता हुंकार. त्याचं पाऊल अडीच फुटांचं धरलं तर ७५ फूट. कोष्टकातल्या नेहमीच्या आवाजाची सरासरी ७० निघते! पंचेचाळीस पावलांवर लाल रंग आधी गुलाबी झाला, मग राखाडी, मग नाही. शब्द गेले त्यानंतर पंधरा पावलं रंग टिकला.

मग मी त्याला म्हटलं होतं तसं त्यानं वाट सोडून कुठंतरी उभं राहून एक शिट्टी मारली. मी डोळे मिटून त्या दिशेला हात केला आणि हात तसाच ठेवला. तो हाताच्या रेषेत चालत येईल असं वाटलं होतं. तो आला माझ्या उजव्या खांद्याकडून. कशावर आपटून आवाज तिकडून आला, तटावर की झाडीवर, कळलं नाही. मी जिथं बाण सोडला असता तिथं नुसती करवंदीची जाळी होती. नंतर जागा बदलली, तो तटापाशी आणि मी धुक्यात. त्याचा हात पण चुकला.

खाली येताना कणीस खात गाडीत बसलो तेव्हा त्याला विचारलं, रायबा परत पाहिजे का? तो म्हणाला, "फुकट नको. बाण परत सोड, पण बरोबर सोड."

काल गच्चीवर पाचही जणांपुढं मांडलं. माझी चूक झाली हे आधी सांगितलं. सगळ्यांनी एकमतानं बाण सुटायच्या क्षणापासून पुन्हा सुरू करायला होकार दिला. २०० फुटांच्या वाटेवर ८० चौकोन आखले, प्रत्येकाला आकडा. रायबानं स्वतःचा चौकोन कागदावर लिहून चिठ्ठी घडी करून झाकणाखाली ठेवली, म्हणजे मला पण माहीत नाही. तीन स्काउट, प्रत्येकी दोन बाण, सहा आकडे. शंभराचे फासे टाकले, ८० च्या वर पडला की परत. ३७, ६२, ५, ४१, ७८, १९. चिठ्ठी उघडली. २१.

दोन चौकोन. दहा फूट. खोलीत कुणी बोललं नाही, पत्र्यावर पाऊस तेवढा वाजत होता.

इथून पुढं आमच्याकडं असं. न दिसणाऱ्यावर बाण सोडायचा तर आधी आवाजाचं कोष्टक. आवाज पोचत नसेल तर चौकोनाचा अंदाज, आणि समोरच्यानं चिठ्ठी लिहायची. धनुर्धर आठ-दहाच्या वर असतील तर शाळूची_राखण म्हणतात तसा पट्टा आणि डेक्स्टेरिटी सेव्ह, १२ च्या वर. क्रिटिकल नाही. पाथफाइंडर ही मोहीम संपल्यावर बघू, ताई. त्या चुकलेल्या खुणेचा किस्सा मी सगळ्यांना वाचून दाखवला.

रायबा चिखलात पालथा पडून राहिला. पोरानं विचारलं, बाण गोळा करता येतील का? लढाईनंतर एक मिनिट शोधलं तर वापरलेल्यातले निम्मे मिळतात, हा नियम त्याला पाठ आहे. एक मिनिट म्हणजे दहा फेऱ्या, आणि चौकीवरचे तोवर वाटेवर उतरले असते. त्यानं जवळचा तेवढा एकच, १९ नंबरच्या चौकोनातला, चाचपडत उपटला, भात्यात न ठेवता कमरेला खोचला, आणि मागच्या चौघांसाठी दोनदा जीभ टाळूला वाजवून पुढं निघाला.